वरच्या मजल्यावरची बाई

माझी पिशवी काढली तेव्हा मी नुकतीच चाळीस पूर्ण केली होती. गाठी झाल्या होत्या, रक्त थांबत नव्हतं, काढून टाकलेलं बरं असं ठरलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तीन महिने जपायला सांगितलं. वजन उचलायचं नाही, जिने सावकाश चढायचे. मग माझ्या नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, बाकीचंही थोडं थांबवा. ह्यांनी मान खाली घालून हो म्हटलं. त्या दिवसापासून हे हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले.

तीन महिने झाले तरी उशी तिकडेच राहिली. उशीमागोमाग टॉवेल गेला, मोबाइलचा चार्जर गेला, पित्ताच्या गोळ्यांची डबी गेली. भांडण झालं नव्हतं. ह्यांची शिफ्ट बदलत असते, येण्याजाण्यात माझी झोप मोडायला नको, हे कारण दोघांच्याही मनात तयार होतं, पण ते सांगायची वेळसुद्धा आली नाही. चार वर्षं अशी गेली. मला त्याचं वाईट वाटायला हवं, हे मधूनच आठवायचं, घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का ते आठवतं तसं. केला असेल, असं म्हणून मी पुढे चालू लागायचे.

आम्ही मूळचे लातूरकडचे. हे चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेसवर आहेत. लग्न होऊन मी आले ती थेरगावातल्या एका खोलीत. त्या खोलीत सासूबाई, धाकटे दीर आणि आम्ही दोघं. मध्ये माझ्याच एका साडीचा पडदा. लोखंडी कॉट करकरायची म्हणून आम्ही खाली गादी घातली. आवाज न करता सगळं उरकायला आम्ही शिकलो. श्वाससुद्धा धरून ठेवायचा. पडद्यापलीकडे सासूबाई खोकल्या की हे जागच्या जागी थांबायचे, आणि पुष्कळदा तिथेच संपायचं. सकाळी चहाचा कप देताना आम्ही एकमेकांकडे बघत नसू. आमची मुलगी त्याच खोलीतली.

पुढे सासूबाई गेल्या, दीर वेगळे झाले, आणि आम्ही पुनावळ्यात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. प्रत्येक दाराला आतून कडी. मुलगी नर्सिंग शिकायला नाशिकला गेली. आता घरात खोकणारं कुणी नव्हतं. तरी आमचं घर शांतच होतं, आणि ती शांतता कशासाठी आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास मला हायवेजवळच्या एका मॉलमध्ये नोकरी लागली. तिसऱ्या मजल्यावर गेम झोन होता. मी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना कार्ड द्यायचं, रिचार्ज करायचं, एखादं मशीन अडकलं तर बंद करून चालू करायचं. निळा टी-शर्ट घालावा लागायचा, त्याची दोन दिवस लाज वाटली, मग नाही वाटली.

झोनच्या मालकांचं पिंपरी कॅम्पात कापडाचं दुकान होतं. पन्नाशीचे, हौशी गृहस्थ. समुद्राकाठच्या कुठल्याशा गावातलं एक व्हिडिओ पार्लर बंद पडलं, तिथली जुनी उभी मशीनं त्यांनी टेम्पोत घालून आणली. आता जे चाळीस-पंचेचाळीसचे आहेत त्यांच्या हातात पैसा आहे आणि डोक्यात जुन्या आठवणी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मागच्या बाजूच्या खोलीत त्यांनी ती मशीनं ओळीने लावली, दिवे मंद ठेवले. लाकडी कपाटासारखी मशीनं, मध्ये फुगीर काच, खाली लाल-पिवळी बटणं आणि गोल मुठीची एक काठी. मालक तिला दांडाच म्हणायचे. "मॅडम, तीन नंबरचा दांडा ढिला झालाय," असं ते भर काउंटरवर मोठ्याने सांगायचे आणि त्यांना त्यात काही वाटायचं नाही. मलाही वाटायचं नाही.

लोक खरंच यायला लागले. कंपन्यांमधले पुरुष, गणवेशावरच, खिशाला ओळखपत्र लटकवलेले. त्या मशीनांपुढे बसायची सोय नव्हती. पोट मशीनला टेकवून, पाय फाकवून ते उभे राहायचे. सकाळी झोन उघडायच्या आधी मी फडक्याने मशीनं पुसायचे. सगळ्या मशीनांचा रंग कमरेच्या उंचीवर उडालेला होता. पट्ट्याच्या बकलांनी घासून घासून आतलं लाकूड दिसायला लागलं होतं. त्या समुद्राकाठच्या गावातल्या पुरुषांनी किती वर्षं इथे टेकून काढली असतील, असा विचार मी करायचे आणि तिथे जरा जास्त ओलं फडकं मारायचे.

दोन मशीनांच्या बाजूंना चित्रं होती. एकीवर हातात तलवार घेतलेली बाई, अंगावर चामड्याच्या दोन-तीन पट्ट्या. दुसरीवर एका राक्षसाच्या खांद्यावर बेशुद्ध पडलेली बाई, केस मोकळे, फ्रॉक मांडीपर्यंत फाटलेला. मालक म्हणाले, फॅमिली क्राउड येतं, यांना खाकी कागद लावून टाका. मी लावला. आठवड्याभरात कागद फाटला, तोही नेमका जिथे फाटायचा तिथेच. मी पुन्हा लावला. पुन्हा फाटला. खेळता खेळता कुणाचा तरी अंगठा तिथे जात असणार. कोण ते बघायचा मी प्रयत्न केला नाही.

तिसऱ्यांदा कागद लावत होते तेव्हा मागून कुणीतरी हसलं. सव्वीस-सत्तावीसची एक मुलगी उभी होती, गळ्यात आयटी कंपनीच्या कार्डाची दोरी. तिचा मित्र पलीकडे मोटारीचा गेम खेळत होता आणि ती कंटाळली होती.

"काकू, तुम्ही बाहेरची बाई झाकताय," ती म्हणाली. "आतल्या बाईचं काय करणार?"

मला कळलं नाही. मग तिने मला हाताला धरून एकेका मशीनपुढे नेलं. ती हिंजवडीत मोबाइलचे गेम तपासायचं काम करत होती. चुका शोधायच्या, तेवढ्यासाठी दिवसभर गेम खेळायचे. तिने सांगितलं, हे बघा, इथे खाली एक बंदूक आहे, ती फक्त वरच गोळ्या झाडते, आणि वरून जे उतरतंय ते खालपर्यंत पोचता कामा नये. इथे नुसतं एक तोंड आहे, त्याला धड नाही, पोट नाही, ते बोळाबोळांतून खात सुटतं आणि कधी भरत नाही. इथे दोन उघडे पुरुष एकमेकांना मारतायत, म्हणजे एकमेकांच्या अंगाला हात लावायची त्यांना तेवढीच परवानगी. बोगदे बघा, दारं बघा, किल्ल्या बघा. आणि मोटारीत ड्रायव्हरशेजारी बसलेली ती बाई बघा, केस उडतायत, एक शब्द बोलत नाही, हळू चालवा असंसुद्धा म्हणत नाही.

मी म्हटलं, हे सगळं बनवणाऱ्यांच्या मनात होतं का? ती म्हणाली, मनात असतं तर इतकं साफ आलं नसतं. खोलीत कोंडून घेऊन रात्रंदिवस काम करणारे तरुण असणार ते, जे स्वतःशीसुद्धा बोलले नाहीत ते आपोआप काचेत उतरलं. हे ती अगदी सहज सांगत होती, भाजी निवडताना सांगावं तसं. शेवटी आम्ही कोपऱ्यातल्या मशीनपुढे आलो. त्यात एक हेल्मेटवाला माणूस लोखंडी शिड्या चढून वर जातो. वर राक्षस उभा, तो पाइप आणि दगड टाकतो. त्याच्या शेजारी गुलाबी फ्रॉकमधली एक बाई, हात वर करून उभी. ती काही करत नाही. हात हलवते तेवढंच.

"मला काय वाटतं सांगू?" ती मुलगी म्हणाली. "बाई मिळणं हा यातला मुद्दाच नाही, काकू. न मिळणं हा आहे. मिळाली तर पुन्हा कोण खेळेल?"

तिचा मित्र आला आणि ती गेली. पुढे ती एक-दोनदा दिसली, पण लांबूनच.

तिने सांगितलं ते मी विसरून जाईन असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मी काउंटरवरून मागच्या खोलीतल्या पुरुषांकडे बघायला लागले. मशीनकडे नाही, चेहऱ्यांकडे. काचेचा उजेड खालून त्यांच्या तोंडावर पडायचा. दात आवळलेले, ओठ किंचित उघडे, श्वास धरलेला. मग गेम संपायचा आणि खांदे खाली पडायचे. क्षणभर ते कुठे आहेत हे त्यांना समजत नसे, मग खिशात मोबाइल चाचपायचे. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. थेरगावच्या खोलीत अंधारात तो माझ्या अंगावर असायचा. उजेडात मी तो कधी पाहिलेला नव्हता. आता रोज पाहत होते, वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर चढवलेला. मला किळस आली नाही, दयाही आली नाही. मी कार्ड रिचार्ज करत राहिले.

सकाळी प्रत्येक मशीन एकदा खेळून बघायचं असा मालकांचा नियम होता, बटणं चालतात का ते कळावं म्हणून. आधी मी दोन-चार बटणं दाबून सोडून द्यायचे. नंतर जरा जास्त वेळ खेळायला लागले. मला ते तोंड आवडायचं. त्याला खायला लावायचं, गल्लीच्या टोकाला वळवायचं, मागे लागलेल्यांना चुकवायचं. शिडीवाल्या मशीनला मात्र मी नुसतं चालू करून बघायचे. त्या बाईकडे चढून जायची मला इच्छा झाली नाही. ती तिथे बरी होती.

दर शुक्रवारी दुपारी एक गिऱ्हाईक यायचे. पन्नाशीचे, दाढीत पांढरे केस, चिंचवड स्टेशनकडे त्यांचं दुचाकीचं गॅरेज होतं. शुक्रवारी नमाजनंतर गॅरेज अर्धा दिवस बंद असायचं. पांढरा कुर्ता, अत्तराचा हलका वास, आणि कितीही धुतले तरी नखांच्या कडेला राहिलेली ग्रीसची काळी रेघ. ते फक्त बंदुकीचाच गेम खेळायचे. एक दिवस काउंटरवर येऊन म्हणाले, "ताई, त्यात दोघांनी खेळायची सोय आहे. एकट्याने पुढे जाताच येत नाही. तुमाला टाइम असला तर दहा मिनिटं उभ्या राहता का?"

दुपारची वेळ, झोन रिकामा होता. मी गेले. त्यांनी मला डावी बाजू दिली. "तुमी डावीकडचं बघा, उजवीकडचं माझ्यावर सोडा," एवढंच ते म्हणाले. मशीन एका माणसाच्या रुंदीचं. दोघांनी उभं राहायचं म्हणजे कोपराला कोपर लागणारच. ते अंग चोरून उभे होते, मीही. तरी कोपरं लागत होती. त्यांचा हात गरम होता. पुढे दर शुक्रवारी आम्ही दहा-पंधरा मिनिटं खेळायचो. बोलणं फार नसायचं. ते मला ताई म्हणत होते आणि त्या शब्दाने बाकी सगळं मिटवून टाकलं होतं. कोपरं तेवढी राहिली होती.

त्यांच्या बायकोला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला होता, हे त्यांनी असंच खेळता खेळता सांगितलं. उजवी बाजू गेली होती. त्या झोपून होत्या, बोलणं नीट येत नव्हतं. सून होती, पण अंघोळ ते स्वतःच घालायचे. सूनबाईला कशाला सांगायचं, त्यांनी म्हटलं. मी म्हटलं, जड जात असेल तुम्हाला. ते काचेकडे बघत म्हणाले, "जड काय नाही, ताई. आधी मला तिचं अंग एवढं माहीत नव्हतं. लेकरं झाली, सगळं झालं, पण दिवा लावून कधी बघितलं नव्हतं. आता रोज बघतो. आता काय उपयोग, असं पण वाटत नाही. काहीच वाटत नाही. फक्त गरम पाणी कमी पडू नये, एवढंच असतं डोक्यात."

तेवढ्यात आमची बंदूक फुटली आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

त्या दिवशी घरी जाताना सोसायटीच्या लिफ्टमध्ये मी माझा डावा हात नाकाशी नेला. मग उजवा नेला. उजव्याला अत्तराचा आणि ग्रीसचा वास होता. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. मी घरात जाऊन हात धुतले आणि कणीक मळायला घेतली.

ह्यांच्या कंपनीच्या बसमधल्या कुणीतरी ह्यांना सांगितलं असावं. वहिनी गेम झोनमध्ये कुणाबरोबर तरी खेळत असतात, असं. ह्यांनी मला विचारलं नाही. एका शुक्रवारी रजा टाकून हे दुपारी सरळ झोनमध्ये आले. काउंटरवर येऊन म्हणाले, एक कार्ड द्या, गिऱ्हाईक म्हणतं तसं. मी दिलं. ह्यांच्या मागे लायनीत कुणीही नव्हतं.

हे मागच्या खोलीत जाऊन भिंतीशी उभे राहिले. थोड्या वेळाने गॅरेजवाले आले आणि नेहमीसारखं म्हणाले, ताई, चला. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी गेले आणि डावी बाजू धरली. हे मागून बघत होते. मला वाटलं होतं की छातीत धडधडेल. तसं काही झालं नाही. मी फक्त नीट नेम धरत होते. गेम संपल्यावर गॅरेजवाल्यांचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. माझ्याकडे बघून, पुन्हा ह्यांच्याकडे बघून त्यांना समजलं. ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "दादा, तुमी घ्या ना."

हे म्हणाले, "नको. तुमचं चालू द्या." आणि कोपऱ्यातल्या शिडीच्या मशीनकडे गेले.

ह्यांना कार्ड कुठे लावायचं, कुठलं बटण दाबायचं हे काहीच विचारावं लागलं नाही. हात आपोआप जाग्यावर पडले. पोट मशीनला टेकलं, पाय फाकले. हेल्मेटवाला माणूस चढायला लागला, आणि मी आजवर कुणालाही इतकं सुरेख चढताना पाहिलं नव्हतं. पाइप आला की उडी, दगड आला की एक पाऊल मागे, थांबायचं कधी आणि पळायचं कधी हे जणू अंगात मुरलेलं. पाठीवर शर्ट घामाने चिकटला होता. एकेक मजला करत तो माणूस शेवटच्या शिडीपर्यंत गेला. वर ती बाई हात हलवत होती. तीन-चार पायऱ्या राहिल्या असतील. तिथे ह्यांनी काठीवरचा हात काढून घेतला. वरून दगड आला आणि तो माणूस खाली पडला.

मला वाटलं, चुकलं असेल. ह्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तितकंच सुंदर, पुन्हा शेवटच्या शिडीवर हात मोकळा. मग हे वळून मला म्हणाले, "तुझी सुट्टी किती वाजता?"

आम्ही स्कूटरवर घरी निघालो तेव्हा अजून ऊन होतं. सर्व्हिस रोडवर अंडरपासपाशी कंटेनर अडकला होता आणि सगळी वाहनं एकमेकांना चिकटून उभी होती. ह्यांनी इंजिन बंद केलं. हेल्मेटच्या आतून, समोर बघतच हे बोलायला लागले. लग्नाच्या आधी पिंपरीत ट्रेनी होते, तेव्हा सुट्टी झाली की एका पार्लरला जायचे, हाच गेम होता. मी म्हटलं, कधी बोलला नाहीत. ते म्हणाले, काय बोलायचं त्यात.

"तेवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "खोलीवर सगळे आमच्यासारखेच. बाई म्हणजे काय ते ठाव नव्हतं. ती वर उभी असायची ना, मला वाटायचं पोचलो की काहीतरी होईल. एक दिवस पोचलो. घंटी वाजली, अन् ती परत त्याच्याही वरच्या मजल्यावर. पुन्हा तेच."

"मग?"

"मग काय न्हाई. तवापासून पोचत न्हाई. शेवटच्या शिडीला सोडून देतो. पडलं की बरं वाटतं."

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, पण पुढे सरकायला जागा नव्हती. मी ह्यांच्या पाठीकडे बघत होते. शर्ट वाळला होता, मिठाचे पांढरे डाग उरले होते. मी विचारलं, "आणि ऑपरेशन झाल्यावर?"

ह्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"डॉक्टरीण म्हणाल्या थांबा," मग ते म्हणाले. "खरं सांगू का, मला बरं वाटलं. आतापर्यंत नुसतं आपलं आपण थांबायचो, कुणीतरी पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. पुन्हा सुरू करा म्हणून मात्र कुणी सांगितलंच न्हाई."

"मी सांगायला पाहिजे होतं का?"

"मला काय माहीत."

कंटेनर निघाला. ह्यांनी स्कूटर सुरू केली. अंडरपास ओलांडल्यावर हे म्हणाले, "तो गॅरेजवाला." मी म्हटलं, काय? "चांगला खेळतो," ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्याबद्दल आमचं तेवढंच बोलणं झालं, नंतरही कधी झालं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ह्यांना साप्ताहिक सुट्टी होती, मीही सुट्टी घेतली होती. दुपारची जेवणं झाल्यावर मी ओटा पुसला आणि म्हटलं, आत या. हे उशी घेऊन आले. मी दाराला कडी लावली, घरात दुसरं कुणी नव्हतं तरी. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पडदा पातळ होता, त्यामुळे खोलीत सगळं दिसत होतं. माझ्या पोटावरचा टाक्यांचा व्रण ह्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बोट लावून विचारलं, दुखतं का. मी म्हटलं, तिथे काही कळतच नाही. ते खरं होतं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरून ठेवला आहे. वरच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं, त्या आवाजात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि ऐकणारंही कुणी नव्हतं. मी श्वास सोडायचा प्रयत्न केला. तो एकदम सुटला आणि मला खोकला आला. हे जागच्या जागी थांबले.

मी म्हटलं, "अहो, मीच आहे."

"हां," ते म्हणाले. पण ते थांबले ते थांबलेच. आम्ही तसेच पडून राहिलो. ह्यांचा हात माझ्या पोटावर होता, वजनदार, प्रेसवर काम करणाऱ्या माणसाचा हात. ह्यांना झोप लागली. मी छताकडे बघत होते. वाईट वाटत नव्हतं. चार वाजता दूधवाल्याचा फोन आला तेव्हा मी तो हात उचलून बाजूला ठेवला.

पुढच्या महिन्यात एकदा झालं. मग आणखी एकदा. मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ठाऊक नाही. लग्नाच्या वेळची भांडी माळ्यावरून काढून वापरावी तसं वाटलं, काही चेपलेली, काही चांगली. ह्यांची उशी आता आतच असते. हॉलमधल्या दिवाणावर वाळलेले कपडे पडतात.

मशीनं फार दिवस टिकली नाहीत. जुन्या काचा एकेक करून काळ्या पडायला लागल्या, सुटे भाग मिळेनात, आणि मालकांना समजलं की चाळिशीचे पुरुष एकटे येतात, कुटुंब घेऊन येत नाहीत. त्यांनी ती खोली उड्या मारायच्या जाळ्यांसाठी रिकामी करायची ठरवली. मशीनं ज्या टेम्पोने आली तशाच एका टेम्पोने कुठेतरी गेली. शेवटचं न्यायच्या आधी मी त्याच्यावरचा खाकी कागद काढून टाकला. हमालांनी त्या बाईकडे पाहिलंही नाही, आडवी करून उचलली.

पुढच्या शुक्रवारी गॅरेजवाले आले. रिकाम्या खोलीच्या दारात जरा उभे राहिले. मी सांगितलं, गेली सगळी. ते बरं म्हणाले. मग म्हणाले, बायकोची उजव्या हाताची बोटं आता थोडी हलायला लागलीत. ती तुमच्याबद्दल विचारत होती, म्हणजे मीच तिला सांगितलं होतं, शुक्रवारी एक ताई माझ्याबरोबर खेळतात म्हणून. एकदा साहेबांना घेऊन घरी या.

मी घरी सांगितलं तेव्हा हे नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण गुरुवारी आम्ही गेलो. गॅरेजच्या मागेच दोन खोल्यांचं घर होतं. सूनबाईंनी शीरखुर्मा केला होता. गॅरेजवाल्यांनी ह्यांच्या स्कूटरचा आवाज ऐकला आणि म्हणाले, दादा, हिचा प्लग बघू द्या. दोघं बाहेर गेले.

आतल्या खोलीत त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. माझ्यापेक्षा गोऱ्या, केस विंचरून घट्ट वेणी घातलेली, अंगाला साबणाचा वास. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. त्या काहीतरी बोलल्या, ते मला समजलं नाही. मग त्यांनी उजवा हात चादरीवरून हळूहळू माझ्याकडे सरकवला. बराच वेळ लागला. मी माझा हात पुढे केला. त्यांनी माझा पंजा घेतला नाही, कोपराच्या खाली धरलं, आणि तिथे बोटं मिटून ठेवली.

पकड ढिली होती, मी सहज सोडवून घेऊ शकले असते. बाहेर स्कूटर दोनदा सुरू होऊन बंद पडली आणि दोघं पुरुष काहीतरी बोलत होते. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. सूनबाई चहा घेऊन आल्या तरी त्यांनी हात सोडला नाही, म्हणून मी कप डाव्या हाताने घेतला.